खांद्याचे दुखणे : दोष हाडाचा की कामाचा?

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी आपल्या बैलांचे खांदे धुतो, लोणी-हळद लावून चोळतो आणि शेकतो. वर्षभर ज्या खांद्याने जू वाहिले, त्याची ही वर्षातून एकदा घेतलेली दखल. माणसाच्या खांद्यासाठी असा सण नाही. आपल्या भाषेत मात्र खांद्याला मान मोठा. घराचा भार कर्त्याच्या खांद्यावर, चळवळीत माणसे खांद्याला खांदा लावून उभी, आणि शेवटचा प्रवासही चौघांच्या खांद्यावरूनच. परंतु हा खांदा आतून घडला आहे कसा, तो का दुखतो आणि त्यातील स्नायूंची टोके का फाटतात, याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते.

आम्ही वैद्य नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारात अधिक झाले. परंतु कामगार संघटनेच्या कचेरीत भरपाईचे अर्ज येतात, त्यांना डॉक्टरांचे दाखले जोडलेले असतात, आणि ते समजल्याखेरीज कामगाराची बाजू मांडता येत नाही. म्हणून ग्रंथालयातून पुस्तके आणून, जाणत्या डॉक्टरांना विचारून, हा विषय आम्ही शिकलो. एका कारखान्यात छताजवळच्या नळांचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या फिटरचा उजवा खांदा निकामी झाला, तेव्हा व्यवस्थापनाकडून उत्तर आले की, याच्या खांद्याच्या हाडाची ठेवणच मुळात सदोष आहे. सबब कामाशी या दुखण्याचा संबंध नाही. या वाक्यात खरे किती आणि त्यातून सिद्ध काय होते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

खांद्याची रचना

प्रथम सांधा पाहू. मांडीचा खुबा उखळासारख्या खोल खोबणीत बसलेला असतो. खांद्याचे तसे नाही. पाठीवर दोन बाजूंना जी फावड्यासारखी हाडे आहेत, ज्यांना आपण खवाटे म्हणतो, त्यांच्या बाहेरच्या कडेला एक उथळ बशी आहे. तिच्यावर दंडाच्या हाडाचा गोल माथा टेकलेला असतो. खोबण उथळ म्हणूनच हात वर, मागे, पुढे, गोल असा कुठेही फिरतो. परंतु त्याच कारणाने हा सांधा हाडांच्या बळावर टिकत नाही. त्याला स्नायूंनी धरून ठेवावे लागते.

हे धरून ठेवण्याचे काम चार स्नायू करतात. ते खवाट्यापासून निघतात आणि त्यांची चिवट टोके, म्हणजे कंडरा, एकमेकींत मिसळून दंडाच्या माथ्याला वरून, पुढून आणि मागून कवळतात. डॉक्टर याला ‘रोटेटर कफ’ म्हणतात. हा कफ खोकल्यातला नव्हे, सदऱ्याच्या बाहीचा. बाहीचा कफ जसा मनगटाला वेढतो, तसा हा माथ्याला वेढतो. या चौघांपैकी जो सर्वांत वरून जातो, त्याचीच कंडरा बहुधा आधी फाटते. तिला आपण सोयीसाठी ‘वरची कंडरा’ म्हणू.

या कंडरेच्या डोक्यावर एक छत आहे. सदऱ्याची खांद्यावरची शिवण जिथे येते, तिथे बोटाने चाचपून पाहा. टणक हाड लागेल. खवाट्याच्या पाठीवरून आडवा आलेला हाडाचा कणा इथे येऊन पुढे वळतो. त्याचे शास्त्रीय नाव अंसकूट. हे छत आणि खालचा दंडाचा माथा यांच्यामध्ये सुमारे एक सेंटिमीटरची फट असते. तीतून वरची कंडरा जाते, आणि घर्षण कमी व्हावे म्हणून मध्ये एक पातळ, ओलसर पिशवी असते.

आता हात उचलण्याची क्रिया पाहा. खांद्यावर टोपीसारखा बसलेला जो मोठा स्नायू आहे, तो या छतापासूनच निघून दंडाला लागतो. तो ओढू लागला की दंडाचे हाड वर सरकू पाहते. त्याच वेळी कफचे स्नायू माथ्याला बशीत दाबून धरतात, म्हणून हाड वर न सरकता फिरते आणि हात उचलला जातो. लांब शिडी उभी करताना एकजण पायथ्याशी पाय रोवून उभा राहतो आणि दुसरा ती वर ढकलत नेतो. पायथ्याचा माणूस नसेल तर शिडी उभी न राहता घसरते. कफचे स्नायू म्हणजे पायथ्याशी पाय देणारा तो माणूस. दिसतो कमी, परंतु त्याच्यावाचून काम होत नाही.

आकड्याचा सिद्धांत

या कंडरा फाटतात हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १८३४ साली लंडनच्या एका वैद्यकीय पत्रात जे. जी. स्मिथ यांनी शवांमध्ये अशा फाटलेल्या कंडरा आढळल्याचे लिहिले. पुढे बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०९ साली फाटलेली कंडरा शिवली आणि १९३४ साली खांद्यावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कंडरा आधी स्वतःच जीर्ण होते, आणि पुष्कळदा ती छताकडून नव्हे तर सांध्याकडच्या आतल्या बाजूने उसवू लागते, असा त्यांचा रोख होता.

१९७२ साली न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी वेगळे चित्र मांडले. हात पुढे उचलताना छताच्या पुढच्या कडेखाली कंडरा चेपली जाते, घासली जाते आणि शेवटी फाटते, असे त्यांचे म्हणणे. दोरी दगडाच्या कडेवरून वर्षानुवर्षे ओढली की तिचे पीळ तुटतात, तसे. उपायही सरळ होता : छताची ती कड तासून टाकावी. १९८३ साली तर त्यांनी शंभरातील पंचाण्णव फाटी या चेपण्यानेच होतात असे लिहिले. त्यानंतर १९८६ साली लुई बिग्लियानी आणि सहकाऱ्यांनी शवांतील १४० खांदे तपासून छताचे तीन प्रकार सांगितले. पहिला सपाट, दुसरा कमानदार आणि तिसरा आकडेदार. हमाल पोते ओढण्यासाठी जो लोखंडी आकडा वापरतात, त्यासारखी तिसऱ्या प्रकाराची पुढची कड खाली वळलेली असते. त्यांना आढळलेल्या फाटींपैकी बहुतेक याच आकडेदार छताखाली होत्या.

इतके सुटसुटीत चित्र कोणालाही पटावे. क्ष-किरणाच्या चित्रात आकडा दिसला, खांदा दुखतो आहे, मग आकडा तासा. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊ लागल्यावर हे काम आणखी सोपे झाले. एकट्या इंग्लंडमध्ये २००० सालच्या सुमारास वर्षाला अडीच हजार लोकांवर ही छत तासण्याची शस्त्रक्रिया होत होती. दहा वर्षांत तो आकडा एकवीस हजारांवर गेला.

आकडा जन्माचा की वयाचा?

परंतु दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे त्यातील एक कारण आणि दुसरी कार्य, असे ठरत नाही. आकड्यामुळे कंडरा फाटते, की खांदा जुना झाला म्हणजे आकडाही वाढतो आणि कंडराही जीर्ण होते?

या प्रश्नाचा शोध घेताना अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे जतन केलेल्या सांगाड्यांचा उपयोग झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या शहरात जे लोक मेले आणि ज्यांच्या देहावर कोणी हक्क सांगितला नाही, अशांची सुमारे तीन हजार शरीरे तिथे अभ्यासासाठी ठेवली गेली. म्हणजे बहुतांशी गोरगरीब, कष्टकरी माणसेच. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यांतील ४२० खवाटे मोजण्यात आले. छताची मूळ घडण, सपाट असो की वाकडी, वयाप्रमाणे फारशी बदलत नाही असे दिसले. परंतु छताच्या पुढच्या कडेला लोंबणारी हाडाची वाढ, जिला डॉक्टर ‘स्पर’ म्हणतात, ती मात्र पन्नाशीच्या आतल्यांत शंभरी सात, आणि पन्नाशीपुढच्यांत शंभरी तीस अशी आढळली. या कडेला एक चिवट बंध लागलेला असतो. त्याची ओढ वर्षानुवर्षे पडली की त्याच्या मुळाशी हाड धरते. म्हणजे ‘ठेवण’ म्हणून जे दाखवले जाते, त्यात जन्माचा भाग असतो आणि आयुष्याचाही असतो.

आणखी दोन अडचणी आहेत. एकच चित्र निरनिराळ्या डॉक्टरांपुढे ठेवले, तर एक त्याला कमानदार म्हणतो आणि दुसरा आकडेदार, हे वारंवार दिसून आले आहे. दुसरे असे की, कंडरेच्या अर्धवट फाटी वरच्या पृष्ठापेक्षा आतल्या पृष्ठावर अधिक आढळतात. छत घासून फाट पडत असेल तर ती वरून सुरू व्हायला हवी. कॉडमन यांचे जुने म्हणणे अशा रीतीने पुन्हा पुढे आले.

छताची लांबी आणि ओढीची दिशा

याचा अर्थ हाडाच्या घडणीचा काहीच संबंध नाही, असाही नव्हे. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील डॉक्टरांनी प्रश्न निराळ्या बाजूने पाहिला. छत खाली किती वळले आहे यापेक्षा ते बाहेर किती आले आहे, हे त्यांनी मोजले. २०१३ साली त्यांनी एक कोन सुचवला. बशीच्या खालच्या कडेपासून एक रेषा तिच्याच वरच्या कडेकडे काढायची, दुसरी छताच्या बाहेरच्या टोकाकडे, आणि दोहोंमधील कोन मोजायचा. निरोगी खांद्यांत तो सरासरी ३३ अंश भरला, कंडरा फाटलेल्यांत ३८, आणि ज्यांच्या सांध्याची कूर्चा झिजली होती अशांत २८.

याची कारणमीमांसा शिडीच्या उदाहरणावरून लक्षात येईल. छत फार बाहेर आलेले असेल, तर त्याला लागलेल्या मोठ्या स्नायूची ओढ अधिक सरळ वर जाते. मग माथ्याला बशीत दाबून ठेवण्यासाठी वरच्या कंडरेला जास्त जोर लावावा लागतो. छत आखूड असेल तर ओढ आतल्या बाजूला जाते, कंडरेला आराम मिळतो, परंतु माथा बशीवर अधिक दाबला जाऊन कूर्चा झिजते. म्हणजे ‘निर्दोष’ खांदा असा नाहीच. एक घडण एका दुखण्याकडे झुकते आणि दुसरी दुसऱ्याकडे. पुढे इतरांनी केलेल्या सर्वच मोजण्यांत हा फरक इतका ठळक उतरला नाही, हेही सांगितले पाहिजे. कोन जास्त असलेली असंख्य माणसे आयुष्यभर दोन्ही हात सुखाने उचलतात.

तासण्याची कसोटी

हाड हेच दुखण्याचे मूळ असेल, तर हाड तासल्यावर दुखणे जायला हवे, आणि नुसते तासल्याचे सोंग केल्यावर जायला नको. ही कसोटी प्रत्यक्ष घेतली गेली. ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाचे हाड तासले, दुसऱ्याच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून पाहिले आणि काही न तासता टाके घातले, तिसऱ्यावर शस्त्रक्रियाच केली नाही. हाड तासलेले आणि न तासलेले या दोन गटांत काही फरक दिसला नाही. शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा दोघे किंचित बरे होते, परंतु तो फरक व्यवहारात जाणवावा इतका नव्हता. फिनलंडमध्ये २१० रुग्णांवर अशीच कसोटी झाली आणि दोन वर्षांनंतरही निष्कर्ष तोच निघाला. हे दोन्ही अहवाल २०१८ सालचे. २०१९ साली ब्रिटनच्या एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकातील तज्ज्ञ मंडळाने अशा दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी स्पष्ट शिफारस केली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या कसोट्या खांदा दुखतो परंतु कंडरा पूर्ण फाटलेली नाही, अशा लोकांच्या होत्या. पडल्याने किंवा हिसका बसल्याने कंडरा एकाएकी फाटली, तर ती शिवण्याची शस्त्रक्रिया वेगळी आणि पुष्कळदा उपयोगाची. आमच्या ओळखीची कुटुंबे दागिने गहाण टाकून शस्त्रक्रियेला उभी राहतात. त्यांनी ‘शिवणार आहात की तासणार आहात’ हा एक प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा.

फाटलेली, परंतु न दुखणारी

जपानमधील एका खेड्यात ६८३ लोकांचे दोन्ही खांदे, म्हणजे १३६६ खांदे, तपासण्यात आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शंभरी वीसहून अधिक खांद्यांत कंडरा फाटलेली आढळली. वय वाढेल तसे प्रमाण वाढत गेले. कामाच्या हाताच्या खांद्यात, आणि पूर्वी मार बसलेल्या खांद्यात, ते अधिक होते. विशेष म्हणजे ज्यांची काही तक्रार नव्हती, अशांपैकीही शंभरी सतराजणांच्या कंडरा फाटलेल्या होत्या. म्हणून साठीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये फाट दिसली, म्हणजे दुखण्याचे मूळ सापडलेच, असे समजू नये.

कामाचा वाटा

आता कामाकडे वळू. डेन्मार्कमध्ये यंत्रकारागीर, मोटार दुरुस्त करणारे आणि घरे रंगवणारे अशा पुरुषांच्या खांद्यांची एमआरआय तपासणी करून, २००४ साली तिचे फलित प्रसिद्ध झाले. आयुष्यात जितका काळ दंड खांद्याच्या पातळीच्या वर उचलून काम केलेले, तितका वरच्या कंडरेत बिघाड अधिक, असा चढता संबंध दिसला. आपल्या गावात असे हात कमी आहेत काय? छताला चुना आणि रंग देणारा रंगारी, भिंतीत वरपर्यंत नळी बसवणारा वायरमन, खड्ड्यात उभा राहून डोक्यावरच्या गाडीचे नट सोडवणारा गॅरेजमधला मिस्त्री, थप्पीच्या वरच्या थरावर पोते चढवणारा माथाडी, आणि काठीने उंच दांडीवर रोजची धुणी वाळत घालणारी गृहिणी. हिच्या कामाला तर कामाचे नावही नाही.

धूम्रपान, मधुमेह, वय, घराण्यातील प्रवृत्ती यांचाही वाटा असतो. हाडाच्या घडणीचाही असतो. परंतु या यादीत वय आणि हाड बदलता येत नाही. काम बदलता येते.

कायद्याची दृष्टी

आता त्या व्यवस्थापनाच्या युक्तिवादाकडे. ‘याचे हाड आधीच सदोष होते’ हे म्हणणे कायद्याला नवे नाही. १९१० साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एका कामगाराचे प्रकरण आले. त्याच्या छातीतील मोठी रक्तवाहिनी आधीच फुगून कमजोर झालेली होती. पान्याने नट आवळताना ती फुटली आणि तो मेला. निरोगी माणूस त्या कामाने मेला नसता हे खरे, तरी तो कामावरील अपघातच, असा निर्णय झाला. मुंबई पोर्ट ट्रस्टमधील हृदयविकार असलेल्या एका पहारेकऱ्याच्या मृत्यूच्या प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी हेच तत्त्व मांडले. तो निकाल १९५४ सालच्या निकालसंग्रहात छापलेला आहे. रोग आणि काम मिळून परिणाम झाला असेल, किंवा कामाने तो लवकर ओढवला असेल, तर कामाचा संबंध पोचतो. मात्र नुसत्या रोगाने किंवा कामाच्या सर्वसाधारण झिजेने मृत्यू आला, तर मालकावर जबाबदारी येत नाही, असेही त्यात आहे.

खांद्याची खरी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. खांदा बहुधा एका क्षणात तुटत नाही, तो वर्षानुवर्षे झिजतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाला व्यवसायजन्य रोगांची एक अनुसूची जोडलेली होती. तीत शिशाचे विष होते, पारा होता, सिलिकोसिस होता, गोंगाटाने येणारे बहिरेपण होते. खांद्याच्या कंडरेचे नाव तीत नव्हते. १९२३ च्या भरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. कायदा नवा झाला तरी पुराव्याचा प्रश्न जुनाच राहतो. त्यासाठी कामाची नोंद हवी. कोणते काम, हात किती उंच, दिवसाला किती तास, किती वर्षे. हाडाचे चित्र प्रत्येक दाखल्याला जोडलेले असते. कामाचे चित्र कोणीच जोडत नाही. ते जोडणे हे संघटनेचे काम आहे, आणि त्याला क्ष-किरण यंत्र लागत नाही. एक टेप आणि एक वही पुरते.

काय करावे

शेवटी श्रोत्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. स्वतःचा हात स्वतःला उचलता येत नाही, परंतु दुसऱ्याने उचलला तर वर जातो, असे असेल तर कंडरा फाटल्याची शंका घ्यावी. दुसऱ्याने उचलूनही जात नसेल, तर बहुधा खांदा आखडलेला असतो, आणि त्याचे उपचार वेगळे. पडल्यानंतर किंवा हिसक्यानंतर हात एकाएकी लुळा पडला, तर मालीश करीत महिना घालवू नये, आठवड्याच्या आत अस्थितज्ज्ञाला दाखवावे. अपघाताशिवाय हळूहळू फाटलेल्या कंडरेला मात्र पुष्कळदा व्यायाम पुरतो. अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या २०१३ सालच्या अहवालात, अशा पूर्ण फाटी असलेल्या रुग्णांना नीट शिकवलेला व्यायाम दिला, तेव्हा दोन वर्षांत शस्त्रक्रिया करावी लागलेल्यांचे प्रमाण चौघांपैकी एकापेक्षाही कमी राहिले. व्यायाम म्हणजे मनाला येईल तसे हातवारे नव्हेत. ज्या स्नायूंवर भार टाकायचा ते तज्ज्ञाकडून शिकून, रोज, तीन महिने तरी करायचे. काही फाटी पुढे वाढतात, म्हणून अधूनमधून तपासणी ठेवावी.

कामाच्या जागी उपाय साधे आहेत. रंगाऱ्याला लांब दांड्याचा रोलर आणि पुरेसा उंच पाळणा द्यावा, म्हणजे काम छातीच्या उंचीवर येते. वायरमनला शिडीऐवजी घोडी द्यावी. थप्पी खांद्याच्या वर चढू देऊ नये, किंवा वरचा थर दोघांनी लावावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच एका पुरुषाने वाहायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. हात वर ठेवून करायचे काम सलग न देता आलटूनपालटून द्यावे. घरातली दांडी फूटभर खाली घ्यावी. यांतील एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही.

त्या फिटरच्या खांद्याचे हाड आकडेदार होते, हे आम्ही नाकारले नाही. आम्ही एवढेच विचारले की, तेच हाड घेऊन तो कामाला लागला तेव्हा वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाला होता ना? तेच हाड घेऊन त्याच्या डाव्या खांद्याने इतकी वर्षे तक्रार केली नाही ना? मग उजवा आणि डावा यांत फरक कशाचा? या प्रश्नाला ज्याने त्याने आपल्या खात्यातील कामाची उंची मोजून उत्तर द्यावे.